लेकॉक, कासल कूम की बायबरी? आई-बाबांना इंग्लंडमधलं खेडं दाखवायचं असेल तर

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. कुणाचे आई-बाबा पुण्याहून आलेले असतात, कुणाचे सासू-सासरे कोल्हापूरहून. लंडन बघून झालेलं असतं, बाथ शहराचं ठरलेलं असतं, मध्ये एक दिवस मोकळा असतो. मग प्रश्न येतो, "फोटोत दिसतं तसलं एखादं खेडं दाखवायचंय त्यांना. कुठं नेऊ?" आम्ही स्विंडनला राहतो. गोवेकरांची इथं मोठी वस्ती आहे, मराठी घरंही आहेत, आणि उन्हाळ्यात घरोघरी पाहुण्यांचा राबता असतो. लोकांना हवी असलेली तीन गावं इथून गाडीनं साधारण पाऊण तासावर आहेत. विल्टशरमधली लेकॉक आणि कासल कूम, आणि ग्लॉस्टरशरमधलं बायबरी. तिन्हीकडे मी उन्हात गेले आहे, पावसात गेले आहे, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन गेले आहे आणि कंटाळलेल्या पोरांना घेऊनही.

माझं मत आधीच सांगते. एकच गाव बघायचं असेल आणि बरोबर साठी-सत्तरीतली माणसं असतील, तर लेकॉक. सकाळी आठच्या आत पोचायची तयारी असेल किंवा रात्री मुक्काम करणार असाल, तर कासल कूम. बायबरी सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि नेमकं तेच मी शेवटी ठेवते.

तिन्ही गावांच्या जुन्या कहाणीत लोकर आहे. मेंढ्या टेकड्यांवर, पाणी ओढ्याला, आणि विणकर ओढ्याकाठच्या घरांत. कासल कूममध्ये तर गावाच्याच नावानं ओळखलं जाणारं लाल-पांढरं कापड निघायचं. पंधराव्या शतकात तिथले जहागीरदार सर जॉन फास्टॉल्फ यांनी फ्रान्समध्ये लढणाऱ्या इंग्रज फौजेसाठी ते कापड पुरवलं. गावाच्या चर्चचा उंच मनोरा याच कापडाच्या पैशातून उभा राहिला. पुढे धंदा दुसरीकडे गेला, बाय ब्रुक या ओढ्याचं पाणीही गिरण्यांना पुरेना, आणि नवीन घर बांधण्याइतका पैसा कुणाकडे उरला नाही. आज आपण जे बघायला जातो ते त्या थांबलेल्या गावाचं रूप आहे. हे आई-बाबांना गाडीतच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत "घरं छान आहेत, पण बघायचं काय?" असा प्रश्न येतो, आणि तो रास्तच असतो.

आता एकेक गाव.

बायबरीला आर्लिंग्टन रो नावाची घरांची एक रांग आहे. ओढ्यापलीकडे, चढावर, एकमेकींना खेटून बसलेली बुटकी दगडी घरं, वर दगडाचीच कौलं. 1380 च्या सुमाराला मठाची लोकर साठवायला ही कोठारं बांधली आणि सतराव्या शतकात त्यांची विणकरांसाठी घरं केली. समोरच्या पाणथळ कुरणाला रॅक आयल म्हणतात, कारण धुतलेली लोकर तिथं मांडण्यांवर वाळत घालायचे. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी बायबरीला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर खेडं म्हटलं असं सांगतात, आणि ब्रिटिश पासपोर्टच्या आतल्या भागात एके काळी हीच रांग छापलेली होती. सौंदर्याबद्दल वादच नाही. कोल्न नदीचं पाणी इतकं नितळ आहे की पुलावरून वाकून बघितलं तर प्रवाहाच्या उलट तोंड करून स्थिर उभे असलेले ट्राउट मासे दिसतात, शेपटी तेवढी हलत असते.

पण हे सगळं एका नजरेत मावतं. रांग, पूल, नदी. आणि त्याच एका नजरेसाठी लंडनहून सहलीच्या बसगाड्या येतात. भर उन्हाळ्यात अकरा ते चार या वेळात अरुंद रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि रांगेसमोर फोटोसाठी माणसांची दुसरी रांग लागलेली असते. त्या घरांत आजही लोक राहतात. त्यांच्या खिडकीतून आत डोकावणारे लोक मी बघितले आहेत, आणि मला त्या घरमालकांच्या जागी बसून फार वाईट वाटलं. आपल्या वाड्याच्या ओट्यावर कुणी असं येऊन बसलं तर आपल्याला चालेल का, एवढा विचार करून तिथं उभं राहावं.

ज्येष्ठांसाठी आणखी एक गोष्ट. नदीकाठ सपाट आहे, पण रांगेच्या पुढे जो चढ लागतो त्याचं नावच ऑकवर्ड हिल. सासूबाई अर्ध्यावरून परत फिरल्या. मुलांसाठी मात्र तिथला ट्राउट फार्म चांगला. 1902 पासून चालू आहे, मूठभर खाणं टाकलं की पाणी उसळतं. शाकाहारी आजी-आजोबांना मासे पकडण्याचा भाग आवडेलच असं नाही, हे मनात धरा.

कासल कूमची गोष्ट वेगळी आहे. तिथं गाव खरोखर दरीत उतरलेलं आहे. गाडी वर टेकडीवरच्या वाहनतळावर ठेवायची आणि झाडांतून उताराच्या रस्त्यानं पायी खाली जायचं. आधी एकही घर दिसत नाही, मग वळण आलं की बाजारचौकातला दगडी मंडप दिसतो, त्याच्या बाजूला चर्च, आणि तिथून एकच रस्ता ओढ्यावरच्या पुलापर्यंत घरंगळत जातो. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाची घरं. हा रंग इथल्या चुनखडीच्या दगडाचा आहे, आणि पावसात तो फिका पडण्याऐवजी अधिक गडद होतो. माझ्या मते कासल कूम पावसातच बघावं. पुलावर उभं राहून मागे वळलं की जे दिसतं, त्याला तिन्ही गावांत तोड नाही. चर्चमध्ये तबकडी नसलेलं जुनं घड्याळ आहे, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या चालू घड्याळांपैकी एक. काटे नाहीत, वेळ फक्त टोल्यांतून कळायची. शेतात राबणाऱ्या माणसाला तेवढंच पुरेसं होतं.

काही घरांच्या दाराशी टेबलावर केकचे तुकडे ठेवलेले असतात आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. कुणी उभं नसतं. माझ्या आईला हे सगळ्यात जास्त आवडलं. तिनं लिंबाचा केक घेतला, नाणी मोजून टाकली, आणि पुलाकडे जाताना दोनदा वळून बघितलं. "कुणी बघत नाही गं," असं तिनं मला तीनदा सांगितलं.

अडचण चढाची. जाताना उतार सोपा वाटतो, पण परत वर गाडीपाशी येताना बाबांना चार ठिकाणी थांबावं लागलं आणि रस्त्यात बसायला फारसे बाक नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांना आधी गावात उतरवून गाडी वर नेऊन ठेवा, आणि घ्यायला पुन्हा खाली या. दुसरी अडचण आवाजाची. गावाच्या वर, जुन्या विमानतळाच्या जागी 1950 पासून मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. शर्यतीच्या दिवशी त्या शांत दरीत इंजिनांची घरघर ऐकू येते, आणि जे अनुभवायला गेलो तेच हातातून निसटतं. त्यांचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. तिसरी, गाव संपतं लवकर. दोन पब, एक मोठं हॉटेल, चर्च, ओढा. दीड तासात सगळं होतं. मुक्काम केलात तर मात्र संध्याकाळी सहानंतर गाव तुमचं असतं, आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

लेकॉकवर मी जरा रेंगाळणार आहे.

पहिल्या नजरेत लेकॉक इतर दोघांपेक्षा कमी चित्रातलं वाटतं. ओढा आहे, पण तो गावाच्या कडेला. घरं एका रंगाची नाहीत. दगडाची आहेत, विटांची आहेत, काळ्या लाकडी चौकटींची आहेत, काही तर वयामुळे रस्त्यावर झुकलेली. जमीन मात्र बऱ्यापैकी सपाट, आणि मुख्य चार रस्ते मिळून एक चौकोन होतो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला "तुम्ही इथं बसा, आम्ही फेरी मारून येतो" म्हणता येतं, आणि तो हरवत नाही. डोक्यावर तारा नाहीत, छपरांवर अँटेना नाहीत. हे बघितल्यावर लगेच लक्षात येत नाही, फक्त मोकळं मोकळं वाटतं. कारण थोड्या वेळानं कळतं.

1944 साली मॅटिल्डा टॅलबट या बाईंनी आपला मठ-वाडा आणि जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं. म्हणून इथली बहुतेक घरं विकली जात नाहीत, भाड्यानं दिली जातात. याचा परिणाम रस्त्यात दिसतो. शाळा आहे, दप्तर घेऊन धावणारी पोरं आहेत, बेकरी आहे, दाराशी चिखलाचे बूट काढून ठेवलेले आहेत. सुटीपुरतं उघडणारं घर आणि रोज चूल पेटणारं घर यांतला फरक आपल्या लोकांना न सांगता कळतो. कोकणात बंद घरांची आळी ज्यांनी बघितली आहे त्यांना तर नक्कीच. आई पहिल्याच वळणावर म्हणाली, "इथं माणसं राहतात."

जॉर्ज इन नावाच्या पबमध्ये चुलीजवळ एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्र्याला पळवायचे आणि त्या फिरण्यावर विस्तवावरचं मांस भाजलं जायचं. ओढ्यापाशी पाणी उथळ आहे, गाड्या त्यातूनच जातात, आणि पायी जाणाऱ्यांसाठी शेजारी छोटा जुना पूल. घुमटाकार छपराची एक इवलीशी कोठडी आहे, दारू पिऊन दंगा करणाऱ्याला रात्रभर डांबायला. धान्याच्या दशमांश कराचं कोठार आहे, चौदाव्या शतकातलं, आत उभं राहिलं की उलट्या होडीखाली उभं राहिल्यासारखं वाटतं.

आणि मग लेकॉक ॲबी. एला ही सॉल्झबरीची काउंटेस, नवऱ्यामागे तिनं 1232 साली इथं जोगिणींचा मठ स्थापला आणि पुढे स्वतःच तिथली पहिली मठाधिपती झाली. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद पडला, तो विकत घेणाऱ्यानं वर राहता वाडा केला, पण खालच्या कमानींच्या पडव्या तशाच ठेवल्या. एका खोलीत बेल्जियममधल्या मेखेलेन गावात 1500 साली ओतलेला भलाथोरला धातूचा हंडा आहे. लग्नघरातल्या काहिलीची आठवण होते.

माझ्या बाबांचा मिरजेत तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लाल दिवा, तीन ट्रे, चिमटे, दोरीवर वाळणाऱ्या निगेटिव्ह आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास, माझं बालपण त्या खोलीच्या दाराशी गेलं. लेकॉकला नेताना मी त्यांना मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. वाड्याच्या दक्षिण दालनात आम्ही एका साध्या, बाहेर काढलेल्या खिडकीसमोर आलो. बारीक बारीक काचांची जाळी. मग मी सांगितलं. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या वाड्याचे मालक. ऑगस्ट 1835 मध्ये त्यांनी याच खिडकीचा फोटो काढला, मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर. जगात आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती. पोस्टाच्या तिकिटासारखी छोटी. त्यांचे कॅमेरे म्हणजे लाकडी खोकी होती, आणि त्यांची बायको कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे पिंजरे म्हणायची. टॅलबटनी त्या निगेटिव्हबरोबर लिहून ठेवलं आहे की नुकती काढली तेव्हा भिंगातून बघितलं तर खिडकीच्या काचा मोजता यायच्या, सुमारे दोनशे.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी काचा मोजायला सुरुवात केली. बोट हवेत हलवत, ओळीनं, ओठ पुटपुटत. मागून आलेली दोन माणसं थांबून राहिली आणि त्यांनी त्यांना मोजू दिलं. बाहेर आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मग पक्कं कशानं केलं? हायपो होता का तेव्हा?" नव्हता. टॅलबट आधी मिठाच्या दाट पाण्यात कागद बुडवायचे. हायपोनं चित्र पक्कं होतं हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्याकडून त्यांना 1839 मध्ये कळलं. "मीठ," बाबा म्हणाले, आणि गाडीत बसेपर्यंत तो शब्द दोन-तीनदा स्वतःशी म्हणत राहिले.

तुमच्या घरी फोटोवाला नसेल. तरीही ज्यांनी आयुष्यात कधी रोल धुवायला टाकला आहे, त्या पिढीला ही खिडकी दाखवण्यासारखी आहे. फाटकापाशीच टॅलबट यांच्या कामाचं संग्रहालय आहे. पाऊस आला तर ॲबी आणि संग्रहालय मिळून दोन-अडीच तास छपराखाली जातात, आणि बायबरी-कासल कूमला ही सोय जवळजवळ नाही. थंडीत आतल्या खोल्या उघड्या असतीलच असं नाही, आणि डिसेंबरात चारला अंधार पडतो. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर बरा. गावात फिरायला पैसे पडत नाहीत, वाहनतळाचे आणि ॲबीचे पडतात. नॅशनल ट्रस्टचे सभासद असाल तर दोन्ही सुटतात.

गाडी नसेल तर विचार करायची गरजच नाही, लेकॉकच. लंडनच्या पॅडिंग्टनहून चिपनमला आगगाडी सव्वा तासाच्या आसपास घेते, आणि चिपनमहून लेकॉकला बस जाते, पाचेक किलोमीटर. कासल कूम चिपनमपासून नऊ-दहा किलोमीटर, पण बस मोजक्या आणि रविवारी भरवसा नाही, टॅक्सी करावी लागते. बायबरीला केंबल स्टेशनवर उतरून सायरनसेस्टरमार्गे जायचं. परतीच्या बसची वेळ चुकली तर दिवस गेला. एक ओळखीचं कुटुंब असंच अडकलं होतं, आणि शेवटी टॅक्सीला जितके पैसे गेले तितक्यात लेकॉकला सगळ्यांचं जेवण झालं असतं.

जेवणाबद्दल थोडंसं. तिन्हीकडे पब आणि चहाची दुकानं आहेत. शाकाहारी माणसाला चीज घातलेला भाजलेला बटाटा, सूप आणि स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे बन, हमखास मिळतात. अंडं न खाणाऱ्यांनी स्कोनबद्दल विचारून घ्यावं, कारण वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवते. लेकॉकला बसून खायला मोकळी जागा मिळते, कासल कूमला ओढ्याकाठी, बायबरीला दुपारी जागा शोधावी लागते.

आता भोवताल, कारण खरा निर्णय बऱ्याचदा तिथं होतो. बायबरीजवळ फेअरफोर्ड आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये मध्ययुगाच्या शेवटच्या काळातल्या रंगीत काचेच्या 28 खिडक्यांचा पूर्ण संच शाबूत आहे. एकटं फेअरफोर्ड बघायला गेलात तरी दिवस सार्थकी लागेल, आणि मला तरी ते बायबरीपेक्षा मोठं वाटतं. फक्त जुलैमध्ये तिथल्या हवाई तळावर विमानांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या दिवसांत आजूबाजूचे सगळे रस्ते तुंबतात. चालणारी मंडळी असतील तर बायबरीहून कोल्नच्या काठानं कोल्न सेंट ऑल्डविन्सपर्यंतची पायवाट घ्या. बसगाड्यांतली माणसं तिथं पोचत नाहीत.

कासल कूमहून बाथ जवळ, म्हणून सकाळी कासल कूम आणि नंतर बाथ असा दिवस चांगला जुळतो.

पण लेकॉकचा भोवताल सर्वांत भरलेला. वीसेक किलोमीटरवर एव्हबरी आहे. जगातलं सर्वांत मोठं प्रागैतिहासिक शिलावर्तुळ, आत अर्धं गाव वसलेलं, आणि स्टोनहेंजसारखं लांबून नाही, तर प्रत्यक्ष हात लावून बघता येतं. त्याच दिशेला बोवुड हाउस. 1774 मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी प्राणवायू तिथल्या प्रयोगशाळेत वेगळा केला. त्याच घराण्यातले लॉर्ड लॅन्सडाउन 1888 ते 1894 भारताचे व्हाइसरॉय होते, गढवालमधलं लॅन्सडाउन हे थंड हवेचं ठिकाण त्यांच्याच नावाचं. आणि अगदी जवळ, सहाएक किलोमीटरवर, कॉर्शम. जुन्या दगडी बाजारपेठेचं छोटं गाव, आणि त्या बाजारात कॉर्शम कोर्ट नावाच्या वाड्याच्या बागेतले मोर मोकळे फिरतात. दुकानासमोरून, थांबलेल्या गाड्यांच्या मधून. आई मोर बघून जेवढी खूश झाली तेवढी राजवाड्यासमोरही झाली नव्हती.

लेकॉक आणि कासल कूम एकमेकांपासून गाडीनं पाऊण तासाच्या आत आहेत, तेव्हा दोन्ही एका दिवसात होतात. क्रम मात्र उलटा करू नका. आठला कासल कूम, दहाच्या सुमाराला चढ चढून गाडीत, मग कॉर्शमला चहा, आणि बाराच्या पुढे लेकॉक. बायबरी यात कोंबू नका. तिला वेगळी पहाट द्या, सातला पुलावर उभे राहा, आणि बसगाड्या यायच्या आत फेअरफोर्डला निघा.

यंदा ऑगस्टमध्ये आई-बाबा पुन्हा येतायत. बाबांनी फोनवर सांगून ठेवलंय की भिंग बरोबर आणणार आहेत, मागच्या वेळी मोजताना मधल्या ओळीत चूक झाली असं त्यांना वाटतं.